पहिले थेंब

रावजींनी मसाला पापडाचा तुकडा मोडला आणि न खाता बशीतच ठेवला.

"दिग्विजयराव, एकेक बिअर मागवू?"

समोरच्या दिग्विजयने आधी रावजींच्या मुलीकडे, प्रगतीकडे पाहिलं. दोघं बारामती एमआयडीसीतल्या एकाच दूध प्रकल्पात कामाला. सकाळची पाळी संपवून तशीच हॉटेलात आली होती. प्रगतीच्या कपाळावर टोपीच्या रबराचा वळ अजून होता.

"मी घेत न्हाय, मामा."

"माझ्यासंगं घ्या. पावण्याला एकट्यालाच पाजता का?"

"तुमच्यासाठी मागवतो की. पर मला नको."

रावजींनी मान हलवली. कळसहून निघताना बायको, रंगूबाई, दारात म्हणाली होती, "पणदऱ्याला जाऊन पोराचं घरदार म्या बघितलंय. पोरगा पितो का, तेवढं तुमी बघून या. न्हाय पीत म्हणालात, तर लग्नाला माझा होकार. त्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?" सगळी वाट एसटीत उभं राहावं लागलं होतं. पिंढऱ्या अजून दुखत होत्या.

"आबा, हितं फ्रूट बिअर मिळती," प्रगती म्हणाली. "पेरूची. दारू नसती तिच्यात."

"मग तिला बिअर कशाला म्हणायचं?"

"फेस येतो म्हणून असंल," दिग्विजय म्हणाला.

तीन ग्लास आले. गुलाबी पेय, कडेला तिखटमीठ. सोबत कांदा-लिंबू घातलेले शेंगदाणे आणि तळलेली डाळ. ती बशी रावजींनी जरा लांब सारली.

पिणारा माणूस हातावरून ओळखू येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते दिग्विजयच्या हाताकडे बघत राहिले. त्याने दुधाचा पेला धरावा तसा दोन्ही हातांनी ग्लास धरला, मोठा घोट घेतला आणि फेस नाकात गेल्याने तो ठसकला. रावजींनी पाठ खुर्चीला टेकवली. रंगूबाईला सांगायचं वाक्य तयार झालं होतं.

मग प्रगतीने आपला ग्लास ओढला. अनामिका फेसात बुडवली आणि अंगठ्याने दोन थेंब फरशीवर उडवले. पुन्हा दोन. मग ग्लास तोंडाला लावला.

"हे काय गं?" दिग्विजय हसला. "देवाला पेरू?"

"पहिले थेंब भुईला द्यायचे असत्यात."

"कुणी शिकवलं?"

तिचं बोट ग्लासाच्या कडेवर थांबलं. रावजींनी बाटली सोडली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. पोरीला काही आठवत नसणार, असं त्यांनी आणि रंगूबाईने तेव्हाच धरून टाकलं होतं.

"असंच," ती म्हणाली. "लहानपणी कुणाचं तरी बघितलं असंल." तिने शेंगदाण्यांची बशी वडिलांपुढे सरकवली. "खावा की, आबा."

रावजींनी ग्लास उचलला. बोट आपोआप फेसाकडे वळलं. ते त्यांनी मुठीत मिटलं आणि दोन्ही हातांनी ग्लास धरून एक घोट घेतला. गोड होतं, मागून मिरची लागली.

दिग्विजयने ग्लास संपवून तोंड पुसलं.

"मग मामा," दिग्विजयने शेवटी विचारलं, "मामींना काय सांगणार?"

"माझं बघणं कशाला धरता?" ते म्हणाले. "प्रगतीनं बघितलंय न्हवं तुमाला? मग बास."

प्रगती ग्लासातल्या फेसाकडे बघत राहिली.

परतीच्या गाडीची वेळ झाली होती. उठताना रावजींनी टेबलाचा आधार घेतला आणि फरशीवरच्या ओल्या ठिपक्यांवर पाय पडू दिला नाही.