बाळू आणि शेततळ्याचा कागद

आमच्या लेकीने, तेजस्विनीने, नाशिकच्या फ्लॅटमध्ये कुत्रा पाळला, सोसायटीने तिला नोटीस दिली, आणि ते धूड आमच्या गिरणाऱ्याच्या मळ्यात येऊन पडलं. न्यूफाउंडलंड म्हणे. बर्फाळ समुद्रावर कोळ्यांच्या होड्यांवर राबणारी जात. काळाभोर, वजन पासष्ट किलो, आणि नाव काय, तर बाळू!

"याला आपल्याकडचं ऊन सोसायचं नाय," मी म्हणालो.

"मग पंखा लावा, दादा," लेक म्हणाली. मला आजवर कुणी आपणहून पंखा लावून दिलेला नाही.

माझ्या बायकोला, साळूबाईला, मात्र तो पहिल्या दिवसापासून चिकटला. ती टोमॅटो खुडायला गेली की हा सरीच्या टोकाशी बसलेला. ती शेततळ्याकडे वळली की कण्हायचा, तिला आडवा यायचा. मला वाटायचं, याला पोहायची हौस आली. ती हौस मला परवडणारी नव्हती. तळ्यात महिन्यापूर्वीच नवा कोरा प्लास्टिकचा कागद अंथरला होता. त्याला नख लागलं की पाणी जमिनीत, आणि टोमॅटो गेले उडत. म्हणून बैलाच्या जुन्या लोखंडी खुंट्याला मी बाळूला बांधून टाकलं. तळ्यात माणूस घसरलं तर धरायला काठावरून दोर सोडायचे असतात, ते मात्र 'उद्या बघू' म्हणत राहूनच गेले.

एप्रिलातल्या एका सकाळी लाइट गेली. पंप बंद. मी फवारणीचं औषध काढत होतो, ते कालवायला पाणी हवं म्हणून साळूबाई बादली घेऊन तळ्यावर गेली. थोड्या वेळाने मागे खणखणाट झाला. बघतो तर बाळूने खुंटा उपटलेला! आमच्या सर्जा बैलाने बारा वर्षांत जो हलवला नाही, तो खुंटा साखळीच्या टोकाला उड्या मारत चालला होता. मी काठी घेऊन मागे पळालो. बांधावर चढतोय तोच त्याने तळ्यात उडी टाकली.

"कागद! आरं, कागद फाटंल!" मी बोंबललो.

मग मला तरंगणारी बादली दिसली. तिच्यापलीकडे साळूबाईचा हात.

मला पोहता येत नाही. हातातली काठी तिच्यापर्यंत पोचत नव्हती. पण पाण्यात शिरल्यावर बाळूचं धूडपण कुठे गेलं कुणास ठाऊक. तो सरळ तिच्याकडे गेला, तिला वळसा घातला आणि तिचा दंड तोंडात धरला. नंतर बघितलं, दंडावर साधा ओरखडा नव्हता. तिने त्याच्या मानेचे केस मुठीत धरले. बायको, साखळी, खुंटा, सगळं ओढत तो काठाशी आला. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. दोनदा दोघंही घसरून खाली गेली. तिसऱ्यांदा त्याने नख्या रोवल्या. टर्रकन कागद फाटला, खाली माती लागली, आणि त्या मातीत पाय रोवत तो इंच इंच वर चढला. मी पालथा पडून आधी त्याचा पट्टा धरला, मग तिचा हात.

ती खोकत होती, रडत होती, जिवंत होती. बाळूने अंग झाडलं आणि तिच्याशेजारी बसला. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. हा पुण्याच्या कुठल्याशा बंगल्यात जन्मलेला. याने समुद्र पाहिला नाही, बुडणारं माणूस पाहिलं नाही. याला हे कुणी सांगितलं? दात किती दाबायचे हे कुणी सांगितलं? खंडोबापुढे जोडतो तसे मी त्याला हात जोडले.

संध्याकाळी साळूबाई ओट्यावर चहा घेत होती. बाळूचं डोकं तिच्या मांडीवर. तळं निम्म्यावर आलं होतं.

"कागद लय फाटला का हो?" तिने विचारलं.

"फाटू दे."

"तुमची बोंब आली मला ऐकू." ती रागावली नव्हती. बशीत चहा ओतत होती.

बत्तीस वर्षांचा संसार आमचा. मला तोंड वर करवेना.

"मला तू दिसलीच नव्हतीस गं," मी म्हणालो.

"हां," ती म्हणाली. "त्याला खुंट्यापाशी बसून कळलं."