जड हॅन्डल

अपघातात निधीचा एक पाय गेला, तेव्हा तिच्या वडिलांनी, जयसिंहरावांनी, तिच्या मोटारसायकलला मागे एका चाकाऐवजी दोन चाकं बसवली. गाडीचा तोल सांभाळला गेला, पण हॅन्डल फार जड झालं. काल नोकरीवर जाताना दाल बाजारच्या वळणावर ते वळलंच नाही आणि निधी सरळ एका हातठेल्यावर आदळली.

"बाबा, अब रहने दो. मी नोकरी सोडते," ती म्हणाली.

जयसिंहरावांनी पाना उचलला. पुढच्या चाकाचा चिमटा, म्हणजे फोर्क, हॅन्डलखाली धरून ठेवणाऱ्या पट्ट्या त्यांनी एकदा बदलल्या होत्या, तेव्हा हॅन्डल उलट आणखीच जड झालं होतं. तीन चाकांची गाडी वळताना कलत नाही, म्हणून हॅन्डल हलकं करायला पुढचं चाक थोडं पुढे सरकवायला हवं, एवढं त्यांना आता उमगलं होतं. किती, ते कोणीच सांगत नव्हतं. शेवटी अंदाजाने त्यांनी चिमटा दोन बोटं पुढे काढून बसवला.

थाटीपुरच्या मैदानात निधीने फेरी मारली. हॅन्डल सहज वळलं, मात्र वेग कमी होताच थडथडू लागलं.

"हलतंय ना?" त्यांनी घाबरून विचारलं.

"हो. पण वळतंय, बाबा," असं म्हणून तिने दुसरी फेरी सुरू केली.

जयसिंहराव तिथेच मातीत बसले.