उचललेला नारळ

आमच्या पत्र्याच्या शेडात अकरा कॉम्प्युटर होते आणि त्यातला एकही कुणाच्या कामाचा नव्हता. हे मी म्हणत नाही, माझे दीर बजरंग म्हणतात. त्यांना त्या शेडात राखेच्या विटा रचायच्या होत्या. परळीत वीजकेंद्राची राख फुकट डोळ्यात जाते आणि विकतही जाते, तेव्हा त्यांचंही चूक नव्हतं. दर चार दिवसांनी दारात उभं राहून विचारायचे, "वैनी, तुमचे रेडे कधी हालवता?"

रेड्यांसारखेच दिसायचे ते. आपल्या घरात असतात तसले हे कॉम्प्युटर नव्हेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मोठ्या कंपन्यांतले इंजिनियर ज्यांच्यावर पुलांचे आणि मोटारींचे नकाशे काढायचे, ती ही वर्कस्टेशनं. तेव्हा एकेकाची किंमत जीपगाडीएवढी. पुढे ती लिलावात गेली आणि लिलावातून भंगारात आली. माझं टायपिंगचं दुकान भंगारवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. तांब्याच्या तारेसाठी एक माणूस हातोडा उगारून बसला होता, त्याच्या हाताखालून मी पहिलं यंत्र ओढून आणलं. का आणलं ते अजून नीट सांगता येत नाही. त्याच्या आतली मांडणी बघितली आणि वाटलं, कुणीतरी फार मन लावून केलेलं काम आहे हे. असं काम फोडू नये.

माझं शिक्षण दहावी. बाकी सगळं मोबाईलवर, एकेक इंग्रजी शब्द उचकटून शिकले. एका जातीच्या यंत्रात घड्याळाच्या चिपमध्येच सेल बंद केलेला असतो. तो मेला की यंत्र स्वतःचा नंबरसुद्धा विसरतं. ती चिप ब्लेडनं खरवडून बाहेरून बटनसेल जोडायचा, हे मी तीन चिपा वाया घालवून शिकले. जगभरच्या जुन्या यंत्रवेड्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथं फोटो टाकला तर चौघांनी लिहिलं, "वेल डन, सर." मी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. सर म्हणवून घ्यायला बरं वाटत होतं.

अकरातलं एक मात्र माझं जीव की प्राण. निळं, गोलसर, घागरीसारखं बसकं. त्याचा पडदा अठ्ठ्याण्णव सालचा, पण सपाट. त्या काळात आमचा टीव्ही धान्याच्या कोठीएवढा होता, आणि हा पडदा ताटासारखा पातळ. त्याची पिन निराळी, दुसऱ्या कॉम्प्युटरला लागत नाही. यंत्राच्या आत खास कार्ड असेल तरच तो पेटतो. माझ्याकडे यंत्र होतं, कार्ड होतं, पडदा नव्हता. दोन वर्षं शोधला. शेवटी गेवराईत लग्नाच्या शूटिंगवाल्या एकाच्या माळ्यावर सापडला. त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या.

जोडी लागली आणि पडदा उजळला तेव्हा माझ्या सासूबाई, साखराबाई, शेळ्या सोडून बघायला आल्या. म्हणाल्या, "लई गोड उजेड हाय गं." आमचे मालक सोमनाथ दारातूनच म्हणाले, "चला, एक तरी रेडा दूध द्यायला लागला."

मालक राखेचा टँकर चालवतात. परळीहून राख भरायची, मांजरसुंब्याचा घाट उतरायचा आणि पुढं पुण्याकडे. तो घाट ते महिन्यातून दहादा उतरतात. तिथं टँकर उलटतात, म्हणून त्या घाटाबद्दल घरात कुणी बोलत नाही.

मला फक्त एक गोष्ट हवी होती. त्या जोडीला वीज आणि डोक्यावर कोरडं छप्पर. बजरंगभाऊजींनी दिवाळीची मुदत दिली आणि नेमके तेव्हाच युवराजदादा भेटले.

युवराजदादा म्हणजे दिंद्रुडकडच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या कॉलेजच्या प्रश्नपत्रिका मी टाईप करायची. दादा दुकानात आले, खुर्चीत मावले नाहीत म्हणून उभेच राहिले. "वहिनी, तुमच्याकडं लई जुनं सामान हाय म्हणे. आमच्याकडं हॉल रिकामा हाय. जिल्ह्यातलं पहिलं कॉम्प्युटर संग्रहालय करू. तुमी यायचं, चालू करून कॉलेजातल्या पोरींना दाखवायचं."

"आणि यंत्रं कुणाची राहतील?"

"कागदावर संस्थेची. दानपत्र लागतं, न्हाईतर हॉल देता येत न्हाई. पण हायेत तुमचीच की!"

मी सही केली. बजरंगभाऊजी स्वतः टेम्पो घेऊन आले. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, त्यांनी मला इतक्या झटपट मदत कधी केली नव्हती.

उद्घाटन खंडेनवमीला ठरलं. त्या दिवशी आमच्याकडं नांगरापासून कात्रीपर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते, तेव्हा कॉम्प्युटरचीही व्हावी, हे दादांचं म्हणणं मला पटलं. दरवर्षी शेडात मीच करायची. कोरडं हळदकुंकू बोटाच्या टोकानं, फूल बाजूला, आणि नारळ बाहेर दगडावर. यंत्राजवळ पाण्याचा थेंब नाही.

हॉलच्या दाराशी फ्लेक्स लागला होता. त्यावर सतरा चेहरे. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता, तोही इंटरनेटवरून घेतलेला, माझ्या अकरांपैकी कुणी नव्हता. माझं नाव कुठंच नव्हतं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं हे बरंच झालं.

टेबलावर निळं यंत्र मधोमध, बाजूला सपाट पडदा, दोन्ही चालू. पडद्यावर मी एका पुलाचं चित्र लावलं होतं. ते हळूहळू गोल फिरायचं. पोरी त्याच्याकडं बघत होत्या, अध्यक्षांकडं नाही, याचं मला गुपचूप समाधान वाटलं. टेबलापासून लांब, खाली जमिनीवर मी घरून आणलेला दगड नीट मांडला होता, स्वच्छ धुऊन, नारळासाठी. यंत्रावर कुंकवाचं बोट लावलं आणि मागे सरकून सासूबाईंशेजारी उभी राहिले.

दादांनी नारळ घेतला. दगड बघून वाकायला लागले, तर फोटोवाला ओरडला, "दादा, खाली वाकल्यावर तोंड येत न्हाई! वर घ्या, वर!"

त्याचा जोडीदार हसला. "कावून बे, दादाला व्यायाम होऊ दे की."

"गप बे. दादा, जेसीबीवर फोडता तसा फोडा!"

दादांनी या भागात शंभर तरी जेसीबी आणि बोअरच्या गाड्या नारळ फोडून चालू करून दिल्या असतील. लोखंडावर नारळ फोडायची त्यांच्या हाताला सवय. त्यांनी कुंकवाचं बोट बघितलं. ते मीच लावलेलं होतं, त्यांना वाटलं असणार, इथं फोडायचा. हात वर गेला.

मला सगळं दिसलं. ते प्लास्टिक पंचवीस वर्षांचं होतं, पापडासारखं झालेलं. आत वीज चालू. एक शब्द पुरला असता. "थांबा." दादा माणूस वाईट नाही, थांबलाही असता.

पण उचललेला नारळ थांबवत नाहीत. नारळ अडवला की तो अडवणाऱ्याच्या घरच्या कर्त्या माणसावर येतो, हे मी चालायला शिकायच्या आधीपासून ऐकत आले. सासूबाईंनी माझा दंड धरला. त्यांच्याही मनात तेच होतं. आणि मालक त्याच वेळी घाटात होते. सकाळी फोन आला होता, "निघालो, दुपारच्याला उतरतो."

यंत्राच्या पोटातली एकेक तार मला माहीत आहे. नारळाचा आणि टँकरच्या ब्रेकचा काही संबंध नाही, हेही माहीत आहे. तरी माझं तोंड उघडलं नाही.

कड्‌ असा आवाज झाला. नारळ आधी फुटला की यंत्र, सांगता येणार नाही. पाणी फटीतून आत गेलं, फट्‌ करून ठिणगी उडाली, आणि पूल फिरता फिरता विझला. लोकांना वाटलं फटाका. टाळ्या पडल्या. खोबऱ्याच्या वासात जळकट वास मिसळला.

"बंद पडलं काय?" दादांनी रुमालानं हात पुसले. "असू द्या वहिनी. लई जुनं होतं. तुमाला नवं घेऊन देतो, दोन देतो!"

मी "बरं" म्हणाले. खोबऱ्याचा तुकडा हातात आला तोही खाल्ला.

चार दिवसांनी मी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, यंत्र घरी न्यायचं आहे, उघडून, धुऊन बघते, जमलं तर आणून देते. त्यांनी चहा सांगितला आणि दानपत्र दाखवलं. "मॅडम, संस्थेची वस्तू बाहेर न्यायला ठराव लागतो. मीटिंग पुढच्या वर्षी." हॉलमध्ये डोकावले. पडदा काळा दिसतो म्हणून कुणीतरी त्यावर दादांचा उद्घाटनाचा फोटो टेपनं चिकटवला होता. फोटोत नारळ छान वर आला होता.

मालक दुपारच्या जेवणाला घरी होते त्या दिवशी मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, मी ओरडले का नाही तेसुद्धा.

त्यांनी भाकरीचा घास हातातच ठेवला. "येडी हाय का तू? ओरडायचं ना! त्या दिवशी मी घाटात नव्हतोच. टायर बसला म्हणून घाटाच्या अलीकडंच येळंबला चहा पीत बसलतो."

"मला काय ठाऊक."

"एवढं इंग्रजी वाचती, आन नारळाला भ्याली."

"तुमच्यासाठी भ्याले."

त्यांनी हातातला घास खाल्ला. मग ताटाकडं बघतच म्हणाले, "म्हंजी आता जन्मभर माझ्याकडं असंच बघणार का? ते गेलं आन ह्यो ऱ्हायला, असं?"

"न्हाई हो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. सव्वीस वर्षं एका ताटाशी बसलेल्या माणसाला खोटं कळतं. पण त्यांनी ताट पुढं सरकवलं, आणि मी दुसरी भाकरी वाढली.

ते घाटावर जातात तेव्हा अजूनही माझा जीव टांगणीला लागतो. फोन येतो, "उतरलो." माझा श्वास सुटतो. त्याच्यामागून लगेच तो विझलेला पूल मनात येतो, ते मी कुणाला सांगत नाही. मी "सावकाश या" म्हणते आणि फोन ठेवते.