दिवसपाळीचा मयूर

गेले अकरा दिवस सरोजताई पेंढारकरांच्या मोबाइलवर त्यांच्या नावापुढे सुरणाचा फोटो होता. माती लागलेला, डोळे आलेला, भला थोरला सुरण. तळेगावच्या नणंदेने मुद्दाम फोन करून विचारलं, "वहिनी, तब्येत बरी आहे ना?" भजनी मंडळातल्या एकीने तर त्या भाज्या विकायला लागल्या असं समजून दोन किलो सुरण सांगून ठेवला. खरं कारण कोणाला सांगायची सोय नव्हती. ठाण्याच्या कोर्टात एकतीस वर्षं नक्कल विभागात काढलेल्या, त्रेसष्ट वर्षांच्या बाई मोबाइलवर थापा मारायच्या खेळात हरल्या होत्या, हे डोंबिवलीत कोणत्या तोंडाने सांगायचं?

खेळ साधा होता. ग्रुपचं नाव 'खरी की थाप' आणि माणसं चार. एका संकेतस्थळावरच्या रोजच्या शब्दकोड्याखाली एकमेकांच्या चुका काढता काढता यांची ओळख झाली होती, आणि दोन वर्षं झाली तरी कोणी कोणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. डोंबिवलीच्या सरोजताई, कल्याणचा सलिल, औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारा, ठाण्याची देवयानी, दातांची डॉक्टर, आणि बाळकुमचा अँब्रोज कुटिन्हो, कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेला आणि गावठाणातल्या घरामागच्या अंगणात कोंबड्या पाळणारा. सकाळी आठला ज्याची पाळी असेल त्याने एक विचित्र बातमी टाकायची. खरी असेल किंवा स्वतः रचलेली. बाकीच्यांनी दहाच्या आत 'खरी' किंवा 'थाप' लिहायचं. जितके चुकतील तितके बातमीवाल्याला गुण. पंधरवडाअखेर जो तळाला, त्याने पहिल्या नंबरवाल्याने निवडलेला फोटो पुढचा पंधरवडा नावापुढे मिरवायचा.

सुरण अँब्रोजने निवडलेला होता. सरोजताईंची प्रत्येक थाप तो पाच मिनिटांत पकडायचा. कशी, हे त्याने एकदा मोठ्या मनाने सांगितलंही होतं.

"बाय, तुझ्या बातमीत तारीख असते, आकडा असतो, सगल्यांची आडनावं असतात. खरी बातमी अशी आंघोळ करून येत नाय."

हे त्यांना झोंबलं. पण खरंही होतं. एकतीस वर्षं काना-मात्रेचीही चूक होऊ द्यायची नाही, हे हाताला लागलेलं वळण थाप मारतानाही सुटत नव्हतं. म्हणून या वेळी त्यांनी ठरवलं, की बातमी गबाळी रचायची. आणि घटना घडवायची थेट बाळकुमात, अँब्रोजच्या नाकासमोर. माझ्याच गावातली थाप मला कोण मारेल, असं त्याला वाटलं पाहिजे. मंगळवारी त्यांची पाळी होती. आठच्या ठोक्याला त्यांनी संदेश टाकला.

"बाळकुम : येथील एका गृहसंकुलात वॉचमन टिकत नसल्याने रहिवाशांनी दिवसपाळीला बदक ठेवल्याचे समजते. बदकाच्या गळ्यात शिट्टी बांधण्यात आली असून ती त्यास वाजवता येत नसल्याबद्दल काही सभासदांनी नाराजी व्यक्त केली. बदकाचे नाव कळू शकले नाही."

शेवटच्या वाक्यावर त्या स्वतःच खूश झाल्या.

"थाप!" सलिलने लगेच लिहिलं. "काकू, सकाळी सकाळी काय घेतलंत?"

"थाप," देवयानी म्हणाली. "पण बदकाला दात नसतात, त्यामुळे मला आवडलं."

अँब्रोज गप्प. साडेआठ झाले, नऊ झाले. सरोजताईंनी पोळ्या लाटता लाटता चार वेळा पीठ लागलेल्या बोटाने फोन उघडून पाहिला. दहाला पाच मिनिटं कमी असताना त्याने एकच शब्द लिहिला : "खरी."

सरोजताईंनी लाटणं खाली ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मासा गळाला लागला होता! 'थाऽऽप' असं लांबलचक लिहून त्या पाठवणार, एवढ्यात ग्रुपवर एक फोटो आला. एका इमारतीचं निळं फाटक. फाटकाशेजारी वॉचमनची केबिन. आणि केबिनसमोर छाती काढून उभं असलेलं पांढरंशुभ्र बदक, ज्याच्या गळ्यात लाल दोरीला शिट्टी.

"आत्ताच बगून आलो," खाली अँब्रोजने लिहिलं होतं. "नाव पण कळलं. मयूर."

तव्यावरची पोळी करपली. सरोजताई फोटो मोठा करून, छोटा करून पाहत राहिल्या. आपण काल दुपारी सोफ्यावर पडून रचलेलं बदक बाळकुमला जाऊन उभं कसं राहिलं? की आपण हे कुठे तरी वाचलं होतं आणि विसरलो? गेल्या महिन्यात त्या गॅस बंद केला का हे पाहायला जिन्यातून दोनदा परत आल्या होत्या. तसलंच काही सुरू झालंय की काय?

तिकडे सलिलने हिशेब मांडला. बातमी खरी, दोघे चुकले, सरोजकाकूंना दोन गुण, काकू पहिल्या, सुरणाचे शेवटचे चार दिवस. देवयानीने टाळ्यांची रांग लावली. खरं सांगून टाकायची एवढीच वेळ होती. सरोजताईंनी 'अहो, मुळात' एवढं लिहिलं, मग ते खोडलं, आणि लिहिलं, "मी कधी खोटं बोलते का?"

त्यानंतरचे दिवस विलक्षण गेले. अँब्रोज रोज मयूरची खबर द्यायचा, आणि बातमी आपली म्हटल्यावर सरोजताईंना त्यात माहीतगारासारखं बोलणं भाग पडायचं.

"मयूरने आज केबलवाल्याला फाटकाबाहेर काढलं," अँब्रोज लिहायचा.

"त्याआधी गॅसवाल्यालाही काढलं होतं," सरोजताई ठोकून द्यायच्या.

"गॅसवाला? मला कसा नाय दिसला?"

"तुम्ही तेव्हा मागच्या बाजूला असाल."

"हां, असेन. तेवा मयूरला सोमवारची सुट्टी द्यायचं चाललेलं."

"अर्धीच सुट्टी. पूर्ण द्यायला तळमजल्यावाल्यांचा विरोध आहे."

आपण काय बोलतोय याचं सरोजताईंनाच नवल वाटे. पण एक होतं, मजा येत होती. अँब्रोज एक पायरी चढला की त्या दोन चढायच्या. चौथ्या दिवशी मयूरला गणवेश शिवायला टाकला होता आणि मापावरून शिंप्याशी बोलाचाली झाली होती, आणि हे त्या दोघांपैकी नक्की कोणी सुरू केलं ते कोणालाच आठवत नव्हतं.

मग देवयानीने लिहिलं, "या रविवारी मयूरला भेटायला जाऊ या. सगळे."

सरोजताईंनी गुडघा पुढे केला. देवयानी म्हणाली, ठाणे स्टेशनवरून स्कूटरने नेते. त्यांनी पाहुणे पुढे केले. अँब्रोज म्हणाला, पाहुण्यांना पण आण, बर्नाडेट फुगे तळते आहे. बर्नाडेट ही त्याची बायको, आणि तिच्या हातच्या गोडसर, टम्म फुग्यांची वर्णनं ग्रुपवर दोन वर्षं चालू होती. सलिलची त्या दिवशी ड्यूटी होती, तो व्हिडिओवर येणार होता. सुटका नव्हती.

रविवारी सकाळी ठाणे स्टेशनबाहेर गुलाबी हेल्मेट घातलेल्या एका उंच मुलीने त्यांना लांबूनच ओळखलं.

"सरोजकाकू! सुरणापेक्षा खूपच बऱ्या दिसता हो!"

"आणि तू माझी दाढ बघू नकोस," सरोजताई म्हणाल्या आणि पदर खोचून मागे बसल्या. वाटेत सांगून टाकावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा सिग्नल सुटला.

निळं फाटक खरंच होतं. केबिन खरंच होती. आणि केबिनसमोर मयूर होता! फोटोत दिसला त्याहून थोराड. देवयानीने स्कूटर लावली तशी त्याने मान जमिनीसरशी लांब केली आणि असा काही गलका केला, की सरोजताई चटकन तिच्या पाठीमागे लपल्या. केबिनमधून वॉचमन भगवान धावत आला आणि त्याच्यामागून बनियनवर शर्ट चढवत एक गृहस्थ.

"बदक बघायला ना?" ते गृहस्थ वैतागून म्हणाले. "मी चांगदेव म्हात्रे. सेक्रेटरी. आजच्या दिवसातले तुम्ही तिसरे."

"हे... हे खरंच नोकरीला आहे?" सरोजताईंनी विचारलं.

"नव्हतं हो! मागच्या मंगळवारी गावठाणातले ते कुटिन्हो बगलेत घालून घेऊन आले. म्हणाले, पाच मिनिटं उभं करतो, एक फोटो काढतो. मी म्हटलं, काढा. तेवढ्यात या भगवानने त्याला पाव टाकला. दुसऱ्या दिवसापासून हे सकाळी सातला आपल्या पायांनी हजर! हाकललं तरी जात नाही. परवा इथे एक जण वॉटर फिल्टर विकायला आला होता, त्याची पँट धरली. मग सगळ्या बायका म्हणायला लागल्या, राहू दे, बरंय. मीटिंग झाली. सोळा विरुद्ध नऊ." त्यांनी सूचनाफलकाकडे बोट केलं. "आता काय, नेमलंय."

फलकावर खरोखरच सूचना होती. सर्व सभासदांनी दिवसपाळीच्या बदकास शिळे अन्न घालू नये.

सरोजताईंनी ती दोनदा वाचली. मग त्यांच्या पोटातून हसू फुटायला लागलं, ते काही केल्या थांबेना. त्या फाटकाला धरून हसत होत्या. देवयानी घाबरली.

"काकू! काय झालं?"

"अगं, थाप होती ती," डोळे पुसत सरोजताई म्हणाल्या. "सोफ्यावर पडल्या पडल्या रचलेली!"

देवयानीचं तोंड इतकं उघडं राहिलं, की तिच्या सगळ्या दाढा दिसल्या.

अँब्रोजच्या अंगणात चार खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि स्टुलावर बर्नाडेटचा मोबाइल टेकवून त्यात सलिलचा पांढरा कोट दिसत होता. अँब्रोज आवाजावरून दांडगा वाटायचा. प्रत्यक्षात बारीक, टक्कल पडलेला, आणि चेहऱ्यावर नुकतंच कोणाचं तरी काही लपवून ठेवल्याचा भाव.

"तुम्हाला कधी कळलं?" बसायच्या आधीच सरोजताईंनी विचारलं.

"आठ वाजून एक मिनिटाला," अँब्रोज म्हणाला. "अगो बाय, बाळकुमात बदक नोकरीला लागलं, तर ते माजंच असणार ना? माज्या कोंबड्यांत बदकं पण हायेत, गावात दुसऱ्या कोणाकडे हायेत कुठं?"

"मग थाप लिहून मोकळे व्हायचं. मला दोन गुण मिळाले नसते."

"तुजे दोन गुण अडवून काय करू? मला बगायचं होतं, तू काय करतेस." तो खदखदून हसला. "तुझी बातमी खरी करून तुझ्या पदरात टाकली. वाटलं, दहा मिनिटांत कबूल होईल. तू तर गॅसवाला आणलास!"

"आणि शिंपी तुम्ही आणलात!"

"शिंपी तुजा!"

"मुळीच नाही! माझा फक्त मापाचा वाद!"

"एक मिनिट, एक मिनिट," मोबाइलमधून सलिल ओरडला. "म्हणजे आठ वाजता ही बातमी थाप होती. दहाला पाच कमी असताना फोटोपुरती खरी. आणि आज पूर्ण खरी. मग मी 'थाप' लिहिलं ते बरोबर की चूक? माझ्या चुकीचा गुण काकूंना का?"

देवयानी म्हणाली, मत देताना जे असेल ते धरायचं. अँब्रोज म्हणाला, दहा वाजता जे असेल ते. सरोजताई म्हणाल्या, बातमी जिने दिली तिचा हेतू धरावा, आणि त्यांच्या बाजूने एक लांबलचक युक्तिवाद त्यांनी केला, ज्याच्या शेवटी त्यांचेच गुण जात होते हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. बर्नाडेट आतून फुग्यांचं ताट घेऊन आली तेव्हा चौघे एकदम बोलत होते. तिने ताट मधे ठेवलं, सरोजताईंच्या हातात दोन फुगे दिले आणि म्हणाली, "खा पयले. हा माणूस रिकामाच हाय, तू कशाला उपाशी भांडतेस?"

फुगे गरम होते. पहिल्या घासाला सरोजताईंना आपल्या थापेचा अजिबात पश्चात्ताप झाला नाही.

शेवटी देवयानीने निकाल दिला : सरोजकाकू आणि अँब्रोज, दोघांनी मिळून ग्रुपला जवळजवळ आठवडाभर फसवलं, तेव्हा दोघेही तळाला. फोटो ती आणि सलिल निवडणार. सलिलने ताबडतोब स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांची नावं घ्यायला सुरुवात केली. एवढ्यात अँब्रोजचा फोन वाजला. पलीकडून चांगदेव म्हात्र्यांचा आवाज अंगणभर ऐकू आला.

"कुटिन्हो, ताबडतोब या! तुमच्या त्या मयूरने केबिनमध्ये व्हिजिटरच्या वहीवर अंडं घातलंय! आणि वहीला हात लावू देत नाही! खाली चार पाहुणे खोळंबलेत!"

अँब्रोज खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. "अंडं? मयूरने?"

सगळ्यांनी बर्नाडेटकडे पाहिलं. ती शांतपणे ताटातला फुगा उचलून खात होती.

"मादीच हाय ती," ती म्हणाली. "नराला एवढा आवाज असतो व्हय? नराचा गळा बसका असतो. मला म्हाईत होतं."

"मग बोलली का नाहीस?" अँब्रोज ओरडला. "मी नाव मयूर ठेवलं, शिट्टी बांधली, अख्ख्या सोसायटीने ठराव केला!"

"मला इचारलं कोणी?" बर्नाडेट म्हणाली.

सरोजताईंना पुन्हा हसू फुटलं. देवयानीने गाडीची किल्ली उचलली, अँब्रोजने पिंजरा शोधायला घेतला, मोबाइलमधला सलिल "मला पण न्या, मला पण न्या" म्हणत राहिला, म्हणून सरोजताईंनी त्याला उचलून पर्सच्या वरच्या कप्प्यात उभा केला. निघता निघता त्यांनी आणखी एक फुगा कागदात बांधून घेतला. वही सोडवायला किती वेळ लागेल ते काही सांगता येत नव्हतं.