एका मजल्याची माणसं

गृहनिर्माण आणि वस्त्यांचं खातं काही कुणी हौसेनं मागून घेत नाही. ज्याला घर मिळालं नाही तो शिव्या घालतो, आणि ज्याला मिळालं तो नळाला पाणी नाही म्हणून शिव्या घालतो. पण आमच्या मंत्रीबाईंनी ते मागून घेतलं होतं. वर कंबर कसून कामालाही लागल्या होत्या, हे तर भल्याभल्यांना पचलंच नव्हतं.

त्यांच्या आधी घरं वशिल्यानं जायची. कुणाचा मेहुणा, कुणाचा व्याही, कुणाच्या ड्रायव्हरचा साडू. बाईंनी ते सगळं मोडून काढलं. धोकादायक इमारत पाडायची आणि तिथल्या माणसांना नव्या इमारतींत घरं द्यायची. कुणाला कुठलं, ते संगणकाची सोडत ठरवणार, तीही चारचौघांसमोर. त्या सोडतीत त्यांनी हट्टानं एक कलम घातलं होतं. जुन्या इमारतीत एका मजल्यावर राहणारी माणसं नव्या जागी एका मजल्यावर येता कामा नयेत. पूर्वी एखादा दादा आपली टोळी घेऊन अख्खा मजला बळकावून बसायचा ना, त्याच्यावर हा उतारा. कलम आलं आणि दादालोक गार पडले. बाईंना त्या कलमाचा असा काही अभिमान होता की भाषणात त्या त्याच्यावर दोनदा टाळ्या घ्यायच्या.

त्यांची अजून एक रीत होती. इमारत पाडायच्या कागदावर सही करण्याआधी त्या स्वतः तिथं जायच्या. लवाजमा खाली सोडून एकट्या जिना चढायच्या आणि कुणाच्या तरी घरात टेकून पाणी मागायच्या. यावेळी कुणाचं घर हा प्रश्नच नव्हता. आत्या राहायची तीच ही इमारत. आई गेल्यावर आत्यानंच त्यांना याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, वाढवलं होतं.

खरं सांगायचं तर बाईंना मनातून उकळ्या फुटत होत्या. सरकारी बंगल्यात आत्यासाठी बागेकडची खोली कधीची तयार होती. विचारलं की आत्या ‘बघू’ म्हणायची, आणि बघायला काही यायची नाही. आता इमारतच जमीनदोस्त होणार म्हटल्यावर म्हातारी जाते कुठे? आयुष्यभर जिनं केलं, तिचं आता आपण करायचं, एवढी एकच हौस बाईंची राहिली होती.

दार उघडंच होतं. आत आत्या चहा गाळत होती, आणि खिडकीशी शेजारची आजी बसली होती. आजी टॉवेलांच्या घड्या घालायची, ढीग झाला की आत्या गुपचूप त्या मोडून पुन्हा तिच्या पुढ्यात ठेवायची.

“आलीस? चपला बाहेर काढ,” आत्या म्हणाली. “मंत्री असशील तुझ्या घरी.”

बाईंनी निमूट चपला काढल्या. तेवढ्यात शेजारची नर्स आली, रात्रपाळी करून, डोळे तांबारलेले. ती या आजीची मुलगी. तिनं आईच्या डोक्यावरून हात फिरवला, आईनं तिच्याकडे कुणी पाहुणी आल्यासारखं पाहिलं. नर्सला त्याची सवय झाली होती.

“ताई, बरं झालं भेटलात,” ती बाईंना म्हणाली. “मला सरळ सांगा, आमच्या आईचं काय करू? ती मला ओळखत नाही, पण आत्यांना ओळखते. मी ड्युटीवर असते तेव्हा ही दोन्ही दारं उघडी असतात. ती उठून चालायला लागली की आत्या हाक मारतात आणि ती परत येते. तुमच्या सोडतीत आम्ही आणि आत्या एका मजल्यावर येणारच नाही. मग मी नोकरी सोडू, की हिला कोंडून जाऊ?”

टाळ्या घेणारं ते कलम बाईंना एकदम आठवलं. दादांना आवरायला घातलेला फास या टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या आजीच्या गळ्यात पडला होता, आणि टाकणाऱ्या आपणच.

“बघते मी,” त्या म्हणाल्या.

“बघू म्हणायची सवय आमच्या घराण्यातलीच दिसते,” आत्या म्हणाली, आणि कप पुढे केला.

खाली आवारात सचिव उभे होते. बाईंनी जिन्याच्या पायरीवरूनच सांगितलं, “ते कलम काढून टाका. ज्या शेजाऱ्यांना एकत्र राहायचंय त्यांनी एकत्र अर्ज करायचा. सोडतीत त्यांना शेजारशेजारची दारं द्यायची. दादांची नावं पोलिसांकडून तपासून घ्या.”

सचिव माणूस सज्जन, पण ताकही फुंकून पिणारा. “मॅडम, कलम काढू. पण सुरुवात या इमारतीपासून नको. उद्या सगळे म्हणतील, आत्यासाठी नियम वाकवला. आजवर तुमच्याकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत झाली नाही.” मग आवाज खाली करून ते म्हणाले, “किंवा असं करू. नियम इथूनच लावू, फक्त आत्याबाईंना त्यातून वगळू. त्या तशाही बंगल्यावर येणार आहेत ना?”

बाईंना हे असं पटलं म्हणता! नाव स्वच्छ राहणार, नियम बदलणार आणि आत्या घरी येणार. त्या तरातरा पुन्हा वर गेल्या आणि एका दमात आत्याला सगळं सांगून मोकळ्या झाल्या. शाबासकी मिळणार याची त्यांना खात्री होती.

आत्यानं गॅस बंद केला.

“म्हणजे ही आणि हिची आई नव्या घरात, आणि हाक मारणारी मी तुझ्या बागेत?”

“आत्या, लोक बोलतील गं.”

“बोलू देत. तू काय बोलणार ते सांग.” आत्या समोर येऊन बसली. “आणि मला एक खरं सांग. तुला नाव स्वच्छ ठेवायचंय, की मला बंगल्यावर न्यायचंय?”

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. विधिमंडळात चारी बाजूंनी घेरल्यावरही जी बाई डगमगत नाही, ती आत्यापुढे नाक ओढत म्हणाली, “न्यायचंय. तू हवीस मला. रोज घरी येते तर घरात कुणी नसतं.”

“ठाऊक आहे मला,” आत्या म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता. “तू ये की माझ्याकडे, रोज ये. पण मला इथं कामं आहेत, बाळा. तिथं मी नुसती मंत्र्यांची आत्या होईन.”

नर्स दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. आजीनं शेवटचा टॉवेल ढिगावर ठेवला.

बाईंनी तोंड धुतलं आणि त्या खाली उतरल्या. सचिव पुढे आले तसं त्यांनी हातानंच थांबवलं. सगळ्या रहिवाशांना आवारात बोलावून घेतलं, आणि कोपऱ्यावर घुटमळणाऱ्या पत्रकारांनाही जवळ बोलावलं. नवा नियम सांगितला, अगदी सोप्या शब्दांत.

मागून आवाज आलाच. तळमजल्यावरचा घड्याळदुरुस्तीवाला होता, फटकळ म्हणून प्रसिद्ध. “इतकी वर्षं लोकांची पांगापांग केलीत, आणि आज तुमच्या आत्याची इमारत आल्यावर कलम गेलं? आत्यासाठी बदललात ना नियम?”

सचिवांनी डोळे मिटून घेतले.

“हो,” बाई म्हणाल्या. “आत्यासाठीच बदलला. छापा खुशाल. आधी ज्यांची पांगापांग झाली ती माझ्याच कलमानं झाली, ते मला आज कळलं. त्यांच्यासाठी घरं अदलाबदल करायची सोय उद्यापासून सुरू करतेय. पण माझी आत्या काही माझ्या एकटीची नाही. वर एक आजी आहे, ती जगात फक्त आत्याची हाक ओळखते. तुमच्याही मजल्यावर असं कुणी असेल, ज्याच्यावाचून तुमचं घर चालत नाही. असेल त्यानं हात वर करा. आणि काका, नसेल तर तुम्ही हात खाली ठेवा, मी काही म्हणणार नाही.”

मग एक शिंपी, एक कॉलेजातली मुलगी, एक कुबडीवाले गृहस्थ, असे हात वर जाऊ लागले. घड्याळवाल्यानं इकडेतिकडे पाहिलं, तळमजल्यावरच्याच शेजारच्या दुधवाल्याकडे एक नजर टाकली, आणि तोंड वाकडं करत आपलाही हात वर केला.

बाईंनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या सज्जात नर्स हात वर करून उभी होती. शेजारी आत्या. एका हातानं तिनं आजीला धरलं होतं आणि दुसरा हात उंच, अगदी सरळ वर. तो बंगल्यावर न येण्याचा हात होता. बाईंना ते कळलं, तरी मान ताठच राहिली.

“मोजून घ्या,” त्या सचिवांना म्हणाल्या. “सुरुवात त्या हातापासून करा.”