न थुंकलेले घोट

बहीण स्वयंपाकघर सांभाळायची आणि दादा वाइन. वीस टेबलांचं ते रेस्टॉरंट दोघांनी मिळून उभं केलं होतं. दादाची पारख अशी, की नेहमीची गिऱ्हाइकं त्याला कौतुकाने 'नाकसाहेब' म्हणायची.

मंगळवारी रेस्टॉरंट बंद असे. दुपारी दोघं नवा मेनू ठरवायला बसत. ती मासा वाफवून आणी, कोकराची तंगडी भाजून आणी. तो जर्मनीची, चिलीची, जॉर्जियाची बाटली उघडत असे.

"माशाबरोबर ही लाल नको. तोंडात खिळा धरल्यासारखं लागतं. आंबटसर पांढरी देऊ," तो म्हणे.

"आणि कोकराला?"

"तुरट. चरबी जिभेवर बसून राहते, ती उठवायला काहीतरी हवं ना."

प्रत्येक घोट तो चूळ भरल्यासारखा तोंडात घोळवी आणि स्टीलच्या भांड्यात थुंके. "गिळणारा या धंद्यात टिकत नाही," असं नव्या वेटरांना सांगे.

एका मंगळवारी तिने ते भांडं घासायला उचललं. अकरा बाटल्या उघडल्या होत्या आणि भांडं कोरडं ठणठणीत होतं.

ती काही बोलली नाही. दादा मोठा, त्याला काय शिकवायचं? शिवाय त्या वर्षी त्याने लावलेल्या पदार्थ आणि वाइनच्या जोड्या लोकांनी डोक्यावर घेतल्या होत्या. पुढच्या मंगळवारीही भांडं कोरडंच. भांडी घासणाऱ्या बाईच्या लक्षात येऊ नये म्हणून ती उरलेली वाइन त्यात ओतून ठेवू लागली. असं दोन वर्षं चाललं.

मग एका दुपारी त्याच्या हातून ग्लास सुटला. उजेडात पाहिलं तर डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि सांगितलं, यकृतात आता काही उरलेलं नाही.

दवाखान्यात ती त्याला चमच्याने पेज भरवत होती. तो म्हणाला, "भांड्यात वाइन तू ओतायचीस ना?"

तिचा हात थांबला. "हो."

"मला वाटलंच. मी थुंकलो नव्हतो, एवढं कळायचं मला." थोडा दम घेऊन तो म्हणाला, "दर मंगळवारी वाटायचं, आज ही बोलेल. नाही बोललीस की बरं वाटायचं. आणि भीतीही वाटायची."

"दादा, मी..."

"राहू दे. आधी ती पेज दे, गार होतेय."

सातव्या आठवड्यात तो गेला.

महिन्याभराने वहिनी त्याचा रेस्टॉरंटमधला काळा कोट न्यायला आली. कोटाची घडी घालत होती तेव्हा बहीण म्हणाली, "वहिनी, मला दोन वर्षं माहीत होतं."

वहिनीने मान वर केली नाही. "घरी आला की रोज वास यायचा. मी म्हणायची, कामाचाच असेल." तिने बाही सरळ केली. "आणि तिकडे तू होतीस ना. मला वाटायचं, तू बघशील."

वहिनीने कोट पिशवीत घातला. मग स्वयंपाकघरातून कुणीतरी विचारलं, दुपारच्या टेबलांसाठी मासा काढायचा का. बहीण उठली आणि आत गेली.