कल्ल्यामागची कच्ची ग्रंथी

मी एक जुनी ग्रंथी आहे. जुनी झाले ती काचेवर. जिवंत होते जेमतेम महिनाभर. ट्राउट माशाच्या पिल्लाच्या कल्ल्यामागे, पापुद्र्याएवढ्या कातडीखाली माझं घर होतं. थायमस म्हणतात मला. कातडीपलीकडे लगेच पाणी, आणि पाण्यात रोग. मित्रांनो, मला जन्मापासून भीतीच वाटत आली.

माझ्या बाहेरच्या कडेला रोगाशी लढणाऱ्या कोवळ्या पेशी दाटीवाटीनं वाढतात. आतल्या विरळ गाभ्यात त्यांची परीक्षा होते. आपल्याच शरीरावर उठेल ती तिथंच मरते. पण कड आणि गाभा वेगळे होण्याआधीच लसीनं रोगाची ओळख करून दिली, तर मी त्यालाच घरचा समजते. मग तो खरोखर आला तरी कुणी त्याला अडवत नाही.

त्या वर्षी ओढ्याच्या वरच्या अंगाला एका तळ्यात मासे मरून तरंगू लागले. खालच्या, आमच्या तळ्याच्या मालकीण सातुर्निनाबाईंनी घाबरून पिल्लं बुडवायला लसीची बादली भरली. आठ हजार पिल्लं होती, घराचं सगळं पोट त्यांच्यावर. त्यांची भाची नेल्मी शिकलेली. तिनं एकच पिल्लू घेतलं, कल्ल्यामागची पातळ चकती कापून काचेच्या पट्टीवर ठेवली, जांभळा रंग दिला. ती चकती म्हणजे मी.

"आत्या, दहा दिवस थांब. कड न् गाभा अजून एकच आहे. आज बुडवलीस तर पिल्लं रोगालाच पाहुणा म्हणून बसवून घेतील."

"आणि रोग थांबणार होय तुझ्या काचेसाठी?" बाई तरतरीसाठी कोकाची पानं चघळत म्हणाल्या. "बटाटे शिजेस्तोवर मला दम निघत नाही, तू दहा दिवस सांगतेस."

"ओढ्याचं पाणी बंद कर. झऱ्याचं पुरेल तेवढं पुरेल. दाणा कमी टाक."

बाईंनी पुटपुटत फळी पाडून ओढ्याचं पाणी अडवलं. ते दहा दिवस पाण्यावर पान तरंगलं तरी मेलेला मासा समजून त्या धावत जायच्या. अकराव्या दिवशी दुसऱ्या पिल्लाच्या चकतीत कड दाट दिसली, गाभा वेगळा दिसला. मगच लस दिली. पिल्लं जगली. गावच्या जत्रेत बाई मला उन्हात धरून लोकांना दाखवायच्या, "हिच्यामुळं वाचलो."

पुढं नेल्मी नोकरीसाठी राजधानीत, लिमाला गेली. मी खणात पडले. खणापुढं दाण्याची पोती आली. माझा जांभळा रंग विटत चाललाय.

आज वरच्या तळ्यात पुन्हा मासे तरंगताहेत. आपल्याकडची पिल्लं परवाच अंड्यातून आली आहेत, माझ्याहूनही कच्ची. बाहेर बाई शेजारणीला सांगताहेत, "मागं लसीनंच तर वाचली होती."

ते दहा दिवस त्या विसरल्या. बादलीची कडी वाजली. मित्रांनो, कुणीतरी ती पोती सरकवा, खण उघडा, मला एकदा उजेडात धरा. बाईंनी पिल्लं बादलीत बुडवायला जाळी उचलली आहे.